परस

आमच्याकडं विहीर फुटानं मोजत नाहीत.
परसानं मोजतात.
एक परस म्हणजे एक माणूस,
हात वर करून उभा राहिलेला.
आमची विहीर आठ परस.

खाली माणसं होती पाच.

मी त्यांना भाकरीवरून मोजलं.
ठेकेदार म्हणला, माणशी एक करा,
जास्त खाल्लं की सुस्तावतात.
मी दीड दीड थापली.
सासूबाईंनी पिठाच्या डब्यात डोकावून पाहिलं,
बोलल्या काही नाहीत.

झुंजुमुंजूला यारीच्या बादलीतून खाली,
अंधार पडल्यावर वर.
मधल्या वेळात देहाला जे जे लागतं
ते सगळं खालीच.
सुरुंगापुरतं तेवढं वर घ्यायचे,
आणि ठेकेदार ओरडायचा,
आधी मशीन झाका.

रात्री गोठ्यात साखळी वाजायची.
मला वाटायचं, गाय.
गाईला तर दावं आहे, अंबाडीचं,
माझ्याच हातानं वळलेलं.
हे मला तिसऱ्या रात्री सुचलं.
आणि सुचल्यावरही मी नऊ दिवस गप्प राहिले.
पाणी लागायचं होतं.

त्यातला एक, लच्चू टेकाम, किनवटकडचा.
भाकरी घेताना हळूच म्हणाला,
ताई, हे गाव कुठलं?
मग, होळी झाली का?
झाली की, आठ दिवस झाले.
तो बोटांवर मोजायला लागला.
बोटं संपली.
पूर्णा जंक्शनवर गाडीची वाट बघत होतो, म्हणाला,
एक जण आला, चहा पाजला,
पाचशे रोज, जेवण, मोबाईल चार्जिंग फुकट.
मोबाईल पहिल्या दिवशीच गेला.
मला विकलं कितीला, ते तरी ठाऊक आहे का?
मला ठाऊक होतं.
घरच्यांनी चार हजार मोजताना मी चहा टाकत होते.

पाणी लागलं त्या दिवशी
नारळ फुटला, पेढे वाटले.
खालची माणसं गुडघाभर पाण्यात ओरडत होती.
वरच्यांना वाटलं, आनंदानं.

त्या रात्री सासूबाईंनी कमरेची किल्ली काढली,
ज्वारीच्या कोठीची,
कुलूप कोठीचंच नेलं होतं ना गोठ्यात.
चुलीच्या काठावर ठेवली.
मांजर दुधात तोंड घालील, बघ, म्हणाल्या,
आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्या.

चौघं कापल्या ज्वारीतून गेले.
धसकटं पायाला लागत असतील.
लच्चूचा घोटा सडला होता,
त्याला मी स्कुटीवर मागं बसवला.

ठाण्यात विचारलं,
नोंद आहे का काही?
कुठून आला, कुणी आणला, कुणाच्या नावावर?
नव्हती.

आमच्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला आहे,
बारा आकडी.
मोटारीची नोंद, मीटरची नोंद,
विहीर तर सातबाऱ्यावर चढली पंधरवड्यात,
आठ परस, दगडी, पाणी बारमाही.

मी तलाठ्याला म्हणलं,
भाऊसाहेब, इथं नावं लिहायला जागा आहे का?
कुणाची?
ज्यांनी खांदली त्यांची.
तो हसला. तसा रकाना नसतो, वहिनी.
मग पाडा की, म्हणलं.
माणूस गावात पाय ठेवतो त्या दिवशी नाव लिहा,
ठरलेला रोज लिहा,
आणि जायची तारीख
त्याची त्याला लिहू द्या.
तो नकाशाची घडी घालत राहिला.

ठेकेदार जामिनावर सुटलाय.
घरचे माझ्याशी पाण्यापुरतं बोलतात.
पाणी गोड आहे.
तेच तर.

परवा फोन आला.
लच्चू.
घोटा भरलाय, म्हणाला.
ताई, इकडं काही नाही. तिकडं काम असलं तर सांगा,
येतो.
पण या खेपेला
गावाचं नाव आधी.

पिंपळखडा, म्हणलं.
तालुका कळंब, जिल्हा धाराशिव.
थांबा, म्हणाला, पोरीला लिहू द्या.
फोनमध्ये पाटीवर पेन्सिल घासल्याचा आवाज.
पुन्हा सांगा, ताई.

मी पुन्हा सांगितलं.